उकंडाजीची बैलपोथी

दिवाळी अंकाच्या संपादकांनी माणूस पाठवून विचारलं, की तुम्ही जुने पोथीवाले, तर नव्या लेखकांसाठी चार शब्द लिहा. विषय असा, की छापखानेवाल्याला आणि मधल्या दलालाला पसंत पडावं म्हणून लेखकानं आपलं लिखाण फिरवून लिहावं की नाही? मी म्हटलं, बापू, मला शाळा नाही. पंतोजीनं धुळपाटीवर अक्षरं गिरवून घेतली, तेवढीच विद्या. तर निरोप आला, बोलता तसं लिहा. आम्ही बोलतो तसं लिहिलं की पुण्याकडच्या वाचकाला भांडल्यासारखं वाटतं, हे मला ठाऊक आहे. वाटू द्या.

खरं सांगायचं तर लिहायला बसलो ते घरात बोलायला कुणी उरलं नाही म्हणून. पोळ्यानंतर माझी बायको गेली. ती होती तोवर चार लोकांत तिचं नाव मी कधी घेतलं नाही, आमच्यात घेत नाहीत. आता घेतो. सगुणा. मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिच्यापाशी होतं, माझ्यापाशी नाही.

मी पोथ्यांचा दलाल होतो. हा काय धंदा, ते आधी सांगतो.

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे आमच्या कापसाला भाव चढला. ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना सांगून पटत नाही. अमरावतीच्या पेठेत गाड्यांची अशी दाटी, की बैलाला मान फिरवायला जागा नसे. आगगाडी अजून आमच्यापर्यंत आली नव्हती. कापूस बैलगाड्यांनी खाली बंदराकडे उतरायचा आणि परतीच्या गाड्यांत मीठ, कापड, तांब्याची भांडी यायची. मी तेव्हा गाडीवान. परतीच्या गाडीत मिठाच्या पोत्यांशेजारी मी पोथ्या आणायला लागलो. शिळाछापाच्या. म्हणजे चिकट शाईनं कागदावर लिहायचं, तो कागद दगडावर उलटा दाबायचा, अक्षर दगडावर उतरतं, मग त्या दगडावरून पाहिजे तितके कागद काढायचे. एक शब्द फिरवायचा झाला तर सगळं पान नव्यानं लिहावं लागे. म्हणून छापखानेवाले लेखकावर खेकसायचे, जे काय फिरवायचं ते आमच्याकडे यायच्या आधी फिरवा.

अकोल्याच्या बाजारात लिंबाखाली धोतर अंथरून मी पोथ्या मांडायचो. लोकांच्या हातात तेव्हा पैसा खुळखुळत होता, पण वाचता किती जणांना येत होतं? गिऱ्हाईक यायचं, पोथी उचलून कपाळाला लावायचं आणि विचारायचं, "यात फळ काय हाय?" फळ म्हणजे फलश्रुती. पोथीच्या शेवटी लिहिलेलं असतं ना, जो वाचील त्याला पुत्र होईल, धन मिळेल, रोग जाईल, ते. मी शेवटचं पान उघडून वाचून दाखवायचो. फळ आवडलं तर घ्यायचे. आत काय आहे, हे विचारणारा माणूस महिन्यातून एखादा भेटायचा. एका पाटलाला दोन बायका. त्यानं एकाच पोथीच्या दोन प्रती उचलल्या. मी म्हटलं, "पाटील, दोन्हीत सारखंच हाय जी." तर म्हणे, "तेच तं पाह्यजे बाप्पा. एकीच्या पोथीत कमी फळ निघालं तं मले जेवाले कोन देईन?"

छापखानेवाले वऱ्हाडात येत नव्हते आणि वऱ्हाडचा लेखक तिकडे जात नव्हता. मधे मी. मग लिहिणारे लोक मलाच गाठू लागले. वाचून दाखवायचे आणि मी हो म्हटलं तर कागद माझ्या गाडीत चढायचे. मी काय पंडित? पण बाजारात काय उचललं जातं हे मला कळत होतं, आणि छापखानेवाला तेवढंच विचारायचा.

मी सुरुवातीचीच पानं ऐकतो, हे लेखकांना लवकरच कळलं. अकोल्याच्या कचेरीतला एक कारकून होता. त्यानं पहिलं पान इतक्यांदा घोटलं की ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मी कागद नेले. छापखान्यात पुढचं उघडून पाहतात तर नुसता भुसा. कापसाच्या गाडीत वर पांढराशुभ्र कापूस आणि खाली पाणी मारलेला सरकीसकट माल, तेव्हाची ही रीतच होती. म्हणून कापसाचा दलाल गाडीत कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस ओढून पाहतो. त्या कारकुनानंतर मीही मधलंच पान ओढायला शिकलो.

आणि सगुणा ऐकायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण आमच्या ओसरीवर जे लेखक यायचे त्यांचं ती भाकरी थापता थापता आतून सगळं ऐकायची. एक कीर्तनकार बुवा मोठं आख्यान घेऊन आले. वाचून झाल्यावर ती दारातून म्हणाली, "बुवा, राजा वनात गेला तथीसा मले झोप लागली. जागी झाली तं राजा वनातच होता." बुवा रागावून गेले. महिन्यानं आले ते वनवास निम्मा करून. आख्यान झकास झालं होतं. म्हणून फिरवून लिहूच नये असं मी म्हणणार नाही. लिखाण फिरवून सुधारलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता उकंडाजी.

आधीची मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव आमच्याकडे उकंडा ठेवतात, म्हणजे दृष्ट लागत नाही. तसला हा. जातीचा माळी, पण भाजी सोडून कापसाच्या गाड्या हाकायचा. अंगानं वाळका, बोलायला लाजरा. तिवस्याच्या अलीकडे गाड्यांचा पडाव पडायचा, तिथं एकदा तो कागदांची गुंडाळी घेऊन माझ्यापुढं उभा राहिला.

"वाचता काय जी थोडंसं?"

"कायचं हाय?"

"बैलायचं."

"बैलायचं काय?"

"मरून राह्यले ना बा. काहून मरून राह्यले, ते लिहिलं."

खरंच मरत होते. भावाच्या लोभानं लोक गाड्या दमानं हाकतच नव्हते. उन्हात जुंपलेले बैल वाटेवर पडायचे, आणि एका पडावावर साऱ्या मुलखातली ढोरं एका दगडी डोणीत पाणी प्यायची, त्यामुळे एकाचा रोग सगळ्यांना. मी कागद उघडले. पहिलं वाक्य आजही पाठ आहे. "मी उकंडा गाडीवान. माझे बैल माझ्या चुकीनं मेले, ते असे." पुढं सगळं तसंच सरळ; ते शब्द आता येत नाहीत, पण मतलब असा. कवड्या बैलाच्या नाकातून पाणी गळत होतं, मला वाटलं थंडी आहे, मी त्याला जोडीच्या बैलाजवळच बांधला. पाच दिवसांत जोडी गेली. तेव्हा ज्याचं नाक-डोळे गळतात तो बैल लांब बांधा, त्याचं पाणी वेगळं, त्याची वैरण वेगळी, आणि त्याला हात लावलेल्या माणसानं दुसऱ्या बैलाला हात लावायचा नाही.

भोवती गाडीवान बसले होते, चिलीम फिरत होती. मी वाचत होतो आणि मधेच एकजण उठला.

"कुठं चालला बे?" कुणीतरी विचारलं.

"थांब, नाक पाहून येतो."

तो आपल्या बैलाचं नाक पाहायला गेला. त्याच्यामागून दुसरा उठला. थोड्या वेळानं चिलमीजवळ मी आणि उकंडाजी दोघंच. त्याचा चेहरा असा झाला होता की काय सांगू. एवढ्या पोथ्या मी वाचून दाखवल्या, पण वाचणं चालू असताना माणूस उठून कामाला लागला, असं त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यानंतरही नाही.

मी ते कागद पुण्याला नेले. छापखान्याचे मालक वाईट गृहस्थ नव्हते, खोटं कशाला बोलू. त्यांनी बसायला पाट दिला, कागद स्वतः वाचले.

"हे कोणी लिहिलं म्हणालास?"

"आमच्याकडचा गाडीवान आहे."

"हे पाहा, औषध एक वैद्य सांगतो, नाही तर देव सांगतो. गाडीवानाचं कोण ऐकणार? आणि हा स्वतःच म्हणतो, माझ्या चुकीनं बैल मेले. मग याचं पुस्तक घ्यायचं कशासाठी?"

"लोक ऐकतात जी. मी वाचून पाहिलं."

"ऐकतील. विकत घेणार नाहीत. तू बाजारात बसतोस, तुला मी सांगायला हवं? वर नमन घाला. एखादा राजा आणा, त्याचे गाई-बैल मरताहेत, एखादा ऋषी त्याला उपाय सांगतो आहे. ओवीत बसवा. आणि शेवटी फळ. एवढं करून आण, मी त्याच दिवशी दगडावर चढवतो."

बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. फळ नसलेली पोथी माझ्या धोतरावर किती दिवस पडून राहते, हे त्यांच्यापेक्षा मलाच जास्त माहीत होतं. परत येऊन मी जसं झालं तसं उकंडाजीला सांगितलं. तो ओसरीच्या पायरीवरच बसला.

"राजा कायले पाह्यजे?" तो म्हणाला. "राजा कधी गाडी हाकते काय?"

सगुणा आतून म्हणाली, "दादा, खरं सांगू काय? राजाचं जाऊ द्या. पण ओवी केली तं बरंच होईन. वाचता कितीकायले येते? ओवी असली तं बाया जात्यावर म्हनतीन, पोट्टे म्हनतीन, साऱ्यायच्या ध्यानात राहीन."

"आन् मी कुठं राहीन त्यात?"

"तुमी ऋषी व्हा नं!"

तो हसला. हसल्यावर माणूस निम्मा कबूल झालेला असतो. सगुणाचं म्हणणं मलाही पटलं, आजही त्यात मला काही वाकडं दिसत नाही. ओव्या करणं, तिला तेवढीच विद्या होती. लग्नाच्या हळदीला आळीतल्या बाया तिला बोलावून नेत, इतक्या ओव्या तिच्या तोंडात. आणि बैल जगले पाहिजेत, हे तर तिघांच्याही मनात होतं.

मग ते सुरू झालं. दिवे लागायच्या सुमाराला उकंडाजी यायचा. तो आपलं सरळ वाक्य सांगायचा, सगुणा पीठ मळता मळता त्याची ओवी करायची, मी लिहायचो. आमच्या घरात इतकं हसणं त्याआधी नव्हतं, नंतरही नाही.

"नाक-डोळे गळते तो बैल लांब बांधा," उकंडाजी म्हणायचा.

"ज्याचें गळे नाक डोळा, तो बैल करावा वेगळा," ती म्हणायची. "पानी पाजाचं काय दादा?"

"डोणीवर साऱ्याईले एकत्र आनू नये."

"डोणीपाशीं न करी गोळा. राया ऐक!"

ओवी जमली की तो जुना कागद चुलीपुढं सरकवायचा आणि ती पेटवणाला घ्यायची. कुणालाच काही वाटलं नाही. नवं झालं, जुनं कशाला?

फळापाशी मात्र उकंडाजी अडला. म्हणाला, "मी कसं सांगू का वाचलं म्हनजे रोग जाईन? वाचून जात नाई. वेगळं बांधून जाते." मी म्हटलं, "भाऊ, फळाशिवाय ते घेत नाहीत." सगुणाच्या हातात भाकरी होती. ती तव्यावर टाकत तिनं एका दमात म्हटलं,

जो ही वाची दिसंदिस । ठेवी मनीं विश्वास ।
रोग न शिवे गोठ्यास । ऋषि म्हणे ॥

"असं पाह्यजे नं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "अस्संच." उकंडाजी म्हणाला, "वैनी, माल खपवाले तुमी तं वाण्याच्या वर झाल्या." आणि आम्ही तिघं हसलो.

पोथी छापली गेली. पिवळ्या कागदावर, वर गणपतीचं चित्र. मी गाडीतून उतरवली आणि पहिली प्रत उकंडाजीच्या हातात दिली. त्यानं ती कपाळाला लावली, मग ओशाळला, मग उलटून पालटून पाहू लागला.

"काय पाहून राह्यला भाऊ?"

"काई नाई. नाव."

नाव कुठं असणार? ऋषीनं राजाला सांगितलेली पोथी, तिच्यावर गाडीवानाचं नाव घालतात का? छापखानेवाल्यानं घातलं नाही आणि आम्ही घालायला सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "जाऊ दे. बैलायले नावाचं काय करा लागते."

पोथी खपली, तशी दुसरी कोणतीच खपली नाही. पेठेत, बाजारात, जत्रेत. कापसाच्या गाडीच्या जूला लोक ती लाल फडक्यात बांधायचे. गाडीवान सकाळी जुंपायच्या आधी पोथीला हळद-कुंकू लावायचे. उकंडाजीला मी हे सांगितलं तेव्हा तो खूश झाला. मीही झालो. बांधतात म्हणजे वाचत असतीलच, असं आम्ही धरून चाललो.

पुढच्या उन्हाळ्यात बुळकांडी आली. ढोराचे नाक-डोळे गळतात, तोंड येतं, मग हगवण लागते आणि दावणच्या दावण आडवी होते. तिवस्याच्या पलीकडे सगुणाचं माहेर. तिच्या भावाचा निरोप आला, गावात रोग शिरला, पण काळजी करू नका, आम्ही पोथी लावली आहे.

पोथी लावली, हे ऐकून ओसरीवर बसलेला उकंडाजी उभाच राहिला. "चला," म्हणाला. आम्ही तिघं गेलो.

गावात शिरलो तर गोठे रिकामे. मारुतीच्या देवळापुढं सारा गाव जमला होता आणि साऱ्या गावाची ढोरं. चांगली आणि आजारी, एकमेकांच्या अंगाला अंग लावून उभी, मधे एकच मोठी डोणी. पोथीचा शब्द प्रत्येक जनावराच्या कानी पडला पाहिजे, म्हणून सगळी एका जागी आणली होती. चौरंगावर पोथी, तिच्यावर फुलं, आणि गुरव खड्या आवाजात वाचत होता,

ज्याचें गळे नाक डोळा । तो बैल करावा वेगळा ।
डोणीपाशीं न करी गोळा । राया ऐक ॥

लोक म्हणाले, "जय!" आणि एका बाईनं पाण्याचा हंडा त्याच डोणीत रिकामा केला.

उकंडाजी लाजरा माणूस, पण त्या दिवशी तो गर्दीत घुसला आणि ओरडला, "अबे, काय वाचून राह्यले तुमी? ऐका नं! वेगळा करा म्हनते नं ते! हाकला ही ढोरं! हाकला अथून!"

पाटील उठले. "कोन हाय बे हा?"

"मी उकंडा गाडीवान. ही पोथी माही हाय. मी लिहिली."

आधी कुणाला कळलंच नाही. मग एक म्हातारा म्हणाला, "मंग तू ऋषी हायेस काय?" आणि हशा पिकला.

"ऋषी नाई, राजा नाई, कोनी नाई. माहे बैल मेले म्हनून मले समजलं. म्यां लिहिलं."

"तुहे बैल मेले?" पाटील म्हणाले. "आन् तू आमाले शिकवाले आला? दाखव बरं पोथीत तुहं नाव."

तो काय दाखवणार? गुरवानं पोथी वर उचलून धरली, तिला याचा हात लागू नये म्हणून. कुणीतरी याच्या डोक्यावरचं पागोटं उडवलं. मारलं नाही, नुसतं हसत हसत ढकलत वेशीपर्यंत नेलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

इकडे सगुणा बायकांत गेली होती. तिनं भावजयीचा हात धरून सांगितलं, "वैनी, ते खरं सांगून राह्यले. ओव्या तं म्यां केल्या. माह्या चुलीपुढं बसून केल्या. त्यानं रोग जात नाई वं, ढोरं घरी ने."

भावजयीनं हात सोडवून घेतला. "बाई, माहेरी आल्या तं बसा, जेवा. देवाच्या पोथीवर असं नका बोलू. आमाले लेकरं-बाळं हायेत."

आरती झाली. ढोरं संध्याकाळपर्यंत तिथंच उभी होती. पुढं जे व्हायचं ते झालं. सगुणाच्या भावाची जोडी गेली, त्याच्या शेजाऱ्याची गेली. त्या गावात त्या साली पेरणीला माणसांनी जू ओढलं. आणि लोक म्हणाले, गुरवाच्या वाचण्यात काहीतरी चूक झाली असेल.

उकंडाजी काही दिवसांनी ओसरीवर आला. म्हणाला, "पह्यलं होतं तसं लिहू. छापो का नको छापो, हातानं लिहून वाटू." कागद तर चुलीत गेले होते. मी दौत घेऊन बसलो. "सांगा भाऊ."

तो म्हणाला, "ज्याचें गळे नाक डोळा..." आणि थांबला. "नाई, असं नोको. थांबा." परत म्हणाला, "तो बैल करावा..." परत थांबला. कपाळावर हात मारून घेतला. ते सरळ वाक्य त्याला आठवेना. मला येत होतं तेवढं मी सांगितलं, पहिली ओळ सांगितली, "मी उकंडा गाडीवान, माझे बैल माझ्या चुकीनं मेले." तो म्हणाला, "हो हो, तेच," आणि पुढं तोंड उघडलं की ओवीच बाहेर पडायची. वर्षभर ज्याला त्याला त्यानंच ती म्हणून दाखवली होती, रस्त्यानं गाडी हाकता हाकता घोकली होती. जुनं सगळं तिच्याखाली गाडलं गेलं. शेवटी तो उठला. सगुणा दारात उभी होती. तिच्याकडे पाहून म्हणाला, "वैनी, तुमचा दोष नाई. मलेच घाई झाली होती." आणि गेला.

नंतर तो पडावापडावावर आठवेल तसं तोंडानंच सांगत फिरला. ऐकणारे ऐकत, काहीजण हसत. आगगाडी आली, पडाव मोडले, आणि बऱ्याच वर्षांनी कुणाकडून तरी कळलं की तो आपल्या गावी वारला.

मी छापखान्यात जाऊन म्हटलं, निदान ते फळ तरी काढा. मालक म्हणाले, "तेच काढलं तर राहिलं काय?" आणि मला नवी छापलेली प्रत दाखवली. त्यात त्यांनीच एक शब्द फिरवला होता. 'रोग न शिवे गोठ्यास' होतं, तिथं 'रोग न शिवे घरास' केलं होतं. म्हणजे ज्याच्या घरी ढोर नाही तोही घेईल. मी ती पोथी माझ्या गाठोड्यातून काढून टाकली. दुसऱ्यांनी विकली.

सगुणानं त्यानंतर ओवी केली नाही. तिनं तसं बोलून दाखवलं नाही. पण जात्यावर बसली की नुसती दगडाची घरघर. आळीतल्या बाया हळदीला बोलवायला आल्या तर म्हणायची, घसा बसला. जन्मभर तिचा घसा बसलेला राहिला. मी कधी विषय काढला तर म्हणायची, "काय करता आता त्याचं." मी समजूत काढायला हवी होती का, कशी काढायची, ते मला कळलं नाही. ती गेल्यावरही कळत नाही.

तर संपादक महाराज, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. बुवांनी वनवास कमी केला, तो ऐकणाऱ्याला झोप लागत होती म्हणून. ते करावं. खुशाल करावं. पण मधल्या माणसानं उचलावं म्हणून फिरवायचं झालं, तर आधी जुने कागद जपून ठेवा, हे माझं पहिलं सांगणं. दुसरं असं, की माझ्यासारखा दलाल तुम्हाला बाजार सांगेल आणि खराच सांगेल. छापखानेवाल्याचं काही चुकलं नव्हतं, पोथी खपली. पण उकंडाजीला पोथी खपवायची नव्हती. त्याला बैलाचं नाक पाहायला लावायचं होतं. दलालाला ते विचारायचं सुचत नाही. मलाही सुचलं नाही. तुम्हाला काय हवं होतं, ते तुमचं तुम्हालाच धरून बसावं लागतं. ते धरून बसता येत असेल तर हवं तितकं फिरवा. नसेल तर कागद घरी ठेवा आणि पडावावर वाचून दाखवा.

इथंच थांबणार होतो. पण पोळ्यानंतरचं सांगितल्याशिवाय माझं संपत नाही.

सगुणाला ताप आला तो उतरेना. वैद्य झाला, दवाखान्याचा डॉक्टर झाला. लेकी लांब दिलेल्या, त्या निघाल्या होत्या. दुपारी शेजारच्या बाया आल्या. त्यांच्यात एक नवी सून होती, शाळा शिकलेली. तिनं पदराखालून पोथी काढली. कागद नवा, अक्षर शिशाच्या खिळ्यांचं, सुबक. पण गणपती तोच. म्हणाली, "आजोबा, आमच्या घरी कोणाले बरं नसलं का हेच वाचतो आमी." आणि माझ्या हो-नाहीची वाट न पाहता उशाशी बसून वाचू लागली. चांगली वाचत होती. राजाचे बैल मेले, ऋषी आले, सगळं झालं. शेवटी तिनं हात जोडले आणि म्हटलं,

जो ही वाची दिसंदिस । ठेवी मनीं विश्वास ।
रोग न शिवे घरास । ऋषि म्हणे ॥

सगुणानं डोळे उघडले. ओठ हलले. मी वाकलो. "हे माहं हाय," ती म्हणाली.

"हो आजी," सून म्हणाली, "तुमच्यासाठीच वाचून राह्यलो."

सगुणा माझ्याकडे पाहत राहिली. त्या खोलीत खरं काय ते माहीत असलेले आम्ही दोघंच होतो. ती ओवी कुठं झाली, तव्यावर काय होतं, कोण कोण हसलं, सगळं मला माहीत होतं. सुनेनं पोथी मिटली आणि विचारलं, "झालं आजोबा. ठेवू काय?"

मी म्हटलं, "शेवटची ओवी पुन्हा वाच, पोरी."

सगुणानं तोंड भिंतीकडे फिरवलं. सून वाचत होती, आणि मी हात जोडून ऐकत बसलो.